वैद्यकीय ओळखपट्टी : लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने अंगावर कायम बाळगायची, शस्त्रक्रियेचा प्रकार आणि उपचार करताना घ्यायची काळजी कोरलेली चकती. ती ब्रेसलेटमध्ये, गळ्यातल्या साखळीत, कड्यावर किंवा घड्याळाच्या पट्ट्यात बसवलेली असते. बोलताना तिला सरसकट ‘मेडिकल अलर्ट’ म्हणतात. मधुमेह, अपस्मार, पेनिसिलीनची ॲलर्जी किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये अशी पट्टी वापरण्याची पद्धत जुनी आहे. बॅरिअॅट्रिक, म्हणजे लठ्ठपणावरील, शस्त्रक्रियेनंतरची पट्टी थोडी वेगळ्या कारणासाठी असते. ती आजाराची नोंद करत नाही. पोटातल्या वाटा बदलल्या आहेत, एवढेच ती सांगते.

हे सांगण्याची गरज का पडते, याचे उत्तर शस्त्रक्रियेच्या इतिहासात आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो यांनी १९६६ साली वजन घटवण्यासाठी पहिली गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराचा बराचसा भाग वगळून अन्नाला आतड्याकडे वाट करून देणारी, शस्त्रक्रिया केली. त्या काळी पोट उभे उघडत, त्यामुळे छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंतचा व्रण आयुष्यभर राही. पुढे कोणत्याही डॉक्टरने सदरा वर केला, की आत काहीतरी मोठे काम झाले आहे हे त्याला कळे. १९९४ साली विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी दुर्बिणीतून केलेल्या बायपासचा अहवाल प्रसिद्ध केला. आता ही शस्त्रक्रिया बहुतेक ठिकाणी त्याच पद्धतीने होते आणि मागे उरतात ते सेंटिमीटरभर लांबीचे पाच-सहा व्रण. दोन-तीन वर्षांत ते इतके फिकट होतात, की पित्ताशयाच्या किंवा अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचे म्हणून खपून जावेत. शिवाय वजन उतरलेले असते. समोर बेशुद्ध पडलेला बेताच्या बांध्याचा माणूस पाहून याचे जठर अंड्याएवढे असेल, अशी शंका कोणाला येणार? शस्त्रक्रिया जितकी सफाईदार, तितका तिचा माग पुसट. ही उणीव चकती भरून काढते.

ओळखपट्टीची कल्पना मात्र या शस्त्रक्रियेहून जुनी आहे. १९५३ साली कॅलिफोर्नियातील टरलॉक गावचे डॉक्टर मॅरियन कॉलिन्स यांच्या मुलीला धनुर्वाताच्या प्रतिविषामुळे जीवघेणी प्रतिक्रिया आली. त्यानंतर तिच्या ॲलर्जी कोरलेले चांदीचे ब्रेसलेट करून घेण्यात आले आणि १९५६ साली कॉलिन्स दांपत्याने मेडिक-अलर्ट ही संस्था काढली. चकतीवर दिसणारा काठीला वेढा घातलेला साप हे ग्रीक आरोग्यदेवता अस्क्लेपिअसचे चिन्ह आहे. तातडीच्या सेवेतील माणसे मजकूर वाचण्याआधी हे चिन्ह ओळखतात. पट्टीसाठी मनगट निवडण्यामागेही साधे कारण आहे. नाडी पाहायला मनगट धरावेच लागते आणि तिथे बोटांना साखळी लागली, की हात आपोआप उलटा करून पाहिला जातो. खिशातले कार्ड कितीही तपशीलवार असले, तरी कापलेल्या कपड्यांबरोबर ते बाजूला पडू शकते.

बायपासमध्ये बदलते काय : पट्टीची सर्वांत जास्त गरज ‘रू-एन-वाय’ गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांना असते. स्विस शल्यविशारद सेझार रू यांचे नाव आणि आतड्यांच्या जोडणीचा इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार यांवरून हे नाव पडले. या शस्त्रक्रियेत अन्ननलिकेच्या टोकाशी जठराची साधारण १५ ते ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी ठेवतात आणि लहान आतड्याचा खालचा भाग वर आणून तिला जोडतात. उरलेले जठर काढून टाकत नाहीत. ते पोटातच राहते, पाचकरसही तयार करते, पण अन्न त्यात उतरत नाही. त्यातले स्राव आणि पित्त खाली, दुसऱ्या जोडापाशी अन्नाला मिळतात. म्हणजे जठर दोन, पण तोंडाकडून वाट फक्त एकाकडे.

यातून पहिली सूचना निघते ती नाकातून घालायच्या नळीची. रायल्स ट्यूब ही कॅज्युअल्टीतली रोजची गोष्ट. उलट्या थांबत नाहीत, पोट फुगले आहे किंवा रुग्ण शुद्धीवर नाही, अशा वेळी परिचारिका किंवा डॉक्टर अंदाजाने ती आत सरकवतात. मूळच्या प्रशस्त जठरात ती वेटोळे घेऊन बसते. बायपासच्या पिशवीत तिला वळायला जागाच नसते. जोर लावला तर नळीचे टोक पिशवीला किंवा जोडाला भोक पाडू शकते, आणि शस्त्रक्रिया ताजी असेल तर हा धोका आणखी वाढतो. दुसरे असे, की नळी सुखरूप गेली तरी ती मागे राहिलेल्या जठरापर्यंत पोहोचत नाही. खालच्या जोडापाशी अडथळा झाला तर तेच जठर स्रावांनी फुगत जाते. रुग्णाला उलटी होत नाही, नळीतून काही येत नाही आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. म्हणून पट्टीवर ‘नळी अंदाजाने घालू नये’ असे लिहितात. नळी घालूच नये, असा त्याचा अर्थ नाही. ती क्ष-किरणांखाली किंवा दुर्बिणीने पाहत घालावी.

दुसरी सूचना वेदनाशामकांची. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, केटोरोलॅक, नॅप्रॉक्सेन या एनएसएआयडी (स्टेरॉइड नसलेल्या दाहशामक) गटातील औषधांमुळे पिशवी आणि आतडे यांच्या जोडावर व्रण (अल्सर) होऊ शकतो, त्यातून रक्तस्राव होतो, क्वचित तो फुटतो. धूम्रपानाने ही शक्यता आणखी वाढते. ‘गोळी नको तर इंजेक्शन द्या’ हा उपाय इथे चालत नाही, कारण ही औषधे रक्तातून जाऊनही जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करतात. बायपासनंतर आतड्यातून ऑक्झलेट जास्त शोषले जाते, त्यामुळे मूतखड्याचे प्रमाण वाढते. मूतखड्याची कळ आली की कॅज्युअल्टीत सर्वांत आधी हात जातो तो नेमका याच गटातील इंजेक्शनाकडे. एका इंजेक्शनाने व्रण होईलच असे नाही. खरी भीती असते ती घरी जाताना लिहून दिलेल्या गोळ्यांची. पट्टी वेळेवर वाचली गेली तर पॅरासिटॅमॉल किंवा वेगळ्या गटातील औषध निवडता येते. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिन द्यायचे की नाही, हे मात्र डॉक्टर त्या क्षणाचा धोका पाहून ठरवतात. पट्टीवरची ओळ म्हणजे कायद्याची बंदी नव्हे.

तिसरी गोष्ट चकतीवर क्वचितच कोरलेली असते, पण जिवाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी ठरू शकते. आतड्यांची मांडणी बदलताना आंत्रयोजनीत, म्हणजे आतड्यांना पोटाच्या मागच्या भिंतीशी धरून ठेवणाऱ्या पडद्यात, फटी तयार होतात. वजन उतरल्यावर तिथली चरबी विरळ होते आणि फटी मोठ्या होतात. त्यांतून आतडे सरकून पिळले गेले, तर त्याला अंतर्गत हर्निया म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर महिन्यांनी किंवा कित्येक वर्षांनीही हे घडते. गरोदरपणात त्याची विशेष धास्ती असते. दुखणे तीव्र, पण पोट हाताला मऊ, रक्ताच्या तपासण्या आणि साधा एक्स-रे जवळजवळ सामान्य, असे फसवे चित्र दिसू शकते. सीटी स्कॅनमध्ये आंत्रयोजनीतील रक्तवाहिन्यांचा भोवऱ्यासारखा पीळ दिसला तर निदान सोपे होते, पण तो दिसला नाही म्हणून हर्निया नाही असे म्हणता येत नाही. चकतीवरच्या ‘बायपास’ या एका शब्दाने डॉक्टरच्या मनात ही शंका येते आणि ‘गॅस झाला असेल’ म्हणून रुग्णाला घरी पाठवणे टळते.

साखरेचा गोंधळ : अनेक तयार पट्ट्यांवर ‘साखर नको’ अशी ओळ कोरलेली आढळते. ती येते डंपिंग या त्रासावरून. गोड पदार्थ लहान पिशवीतून वेगाने आतड्यात उतरला, की १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब होतात. ही सूचना रोजच्या खाण्यासाठी योग्य आहे, चकतीवर मात्र ती घातक ठरू शकते. बायपास झालेल्या काही जणांत वर्षभराने किंवा त्यानंतर जेवणानंतर एक ते तीन तासांनी रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू लागते. बोलणे अडखळते, तोल जातो, माणूस प्यायलेला वाटतो किंवा बेशुद्ध पडतो. अशा वेळी ग्लुकोज हाच उपचार असतो, आणि मनगटावर ‘साखर नको’ वाचून एखादा मदतनीस हात आखडता घेईल. शिरेतून दिलेले ग्लुकोज आतड्यातून जात नसल्यामुळे तिथे डंपिंगचा प्रश्नच येत नाही. तेव्हा ही ओळ काढून ‘साखर उतरू शकते, तपासा’ असे कोरणे केव्हाही शहाणपणाचे.

ग्लुकोजबरोबर आणखी एक पथ्य येते. आठवडेच्या आठवडे उलट्या होत असलेल्या रुग्णाच्या शरीरातील थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, संपत आलेले असते. अशा वेळी नुसते ग्लुकोज चढवले तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांची हालचाल बिघडणे, तोल जाणे आणि गोंधळलेपणा ही तिची लक्षणे. म्हणून थायमिन आधी किंवा ग्लुकोजबरोबरच देतात. साखर फार उतरलेली असेल तर मात्र थायमिनसाठी ग्लुकोज रोखून धरत नाहीत.

इतर शस्त्रक्रिया : स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. वाटा बदलत नाहीत, त्यामुळे जखम भरल्यावर पट्टीची निकड कमी होते आणि वेदनाशामकांबद्दलचा सल्लाही शल्यविशारदागणिक बदलतो. जठराभोवती फुगवता येणारा पट्टा बसवला असेल तर चकतीवर तसे लिहिलेच पाहिजे. पाणीसुद्धा उतरेनासे झाले, तर पोटाच्या त्वचेखालील पोर्टमध्ये, म्हणजे पट्ट्याला नळीने जोडलेल्या लहान डबीत, खास सुई घालून पट्ट्यातील द्रव काढून घेणे हा पहिला उपाय असतो, आणि पट्टा आहे हेच माहीत नसेल तर तो कोणाला सुचणार नाही. ड्युओडेनल स्विचमध्ये जठर अरुंद करून लहान आतड्याचा मोठा भागही वगळतात, त्यामुळे अन्नाचे शोषण सर्वांत कमी होते. अ, ड, ई, के या जीवनसत्त्वांची कमतरता गृहीत धरावी लागते. मिनी बायपासला, म्हणजे आतड्याचा एकच जोड असलेल्या बायपासला, बायपासच्याच सूचना लागू पडतात.

मजकूर : चकती दोन रुपयांच्या नाण्याहून फार मोठी नसते. चार-पाच ओळी, प्रत्येकीत थोडीच अक्षरे. त्यामुळे काय लिहावे यापेक्षा काय गाळावे, हा प्रश्न मोठा. शस्त्रक्रियेचे पूर्ण नाव आणि वर्ष यांना पहिली ओळ द्यावी, कारण बाकीच्या सूचना जाणकार डॉक्टर त्यावरूनच ताडतो. उदाहरणार्थ :

रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास २०२१
नाकातून नळी अंदाजाने नको
एनएसएआयडी नको
साखर उतरू शकते, तपासा
घरचा फोन : …

‘वजनाची शस्त्रक्रिया’ एवढेच कोरले तर पट्टी असून नसल्यासारखी. नुसती आद्याक्षरेही धोक्याची, कारण एकाच लघुरूपाचे दोन विभागांत दोन अर्थ निघतात. रोजच्या गोळ्यांची यादी, घरचा पत्ता, शल्यविशारदाची पदवी यांची जागा पाकिटातल्या कार्डावर. इन्सुलिन, रक्त पातळ करणारे औषध किंवा एखादी गंभीर ॲलर्जी असेल तर ती मात्र चकतीवर, आणि बायपासच्याही वर. भाषा ज्या भागातील रुग्णालयांत चालते ती असावी. प्रवास करणारे मागच्या बाजूला दुसऱ्या भाषेत तोच मजकूर कोरून घेतात.

धातूंत स्टेनलेस स्टील आणि टायटॅनियम टिकाऊ. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी टायटॅनियम किंवा सिलिकॉनचा पट्टा घ्यावा. या रुग्णांची एक खास अडचण असते. शस्त्रक्रियेआधी मापाने घेतलेले ब्रेसलेट सहा-आठ महिन्यांत ढिले होते, हात वर केला की कोपराकडे घसरते आणि एक दिवस नळाखाली भांडी घासताना निघून जाते. म्हणून कड्या काढून लहान करता येणारी साखळी घेणे बरे. एमआरआयच्या वेळी आणि शस्त्रक्रियागृहात पट्टी उतरवतात. तेव्हा तिच्यावरचा मजकूर केसपेपरवर उतरवला गेला ना, हे नातेवाइकांनी विचारून घ्यावे. फोनच्या कुलूपबंद पडद्यावरही वैद्यकीय माहिती ठेवता येते आणि क्यूआर कोड असलेल्या चकत्याही मिळतात. पण फोन फुटतो, बॅटरी संपते, आणि कोडच्या मागची माहिती उघडायला बहुधा नेटवर्क लागते. कोरलेल्या अक्षराला यांतले काही लागत नाही.

पट्टी घालावीच, असा सार्वत्रिक नियम नाही. काही शल्यविशारद बायपासच्या प्रत्येक रुग्णाला ती सुचवतात. काहींच्या मते शुद्धीवरचा रुग्ण स्वतः सांगू शकतो आणि कार्ड पुरेसे आहे. अनेकांची खरी अडचण वेगळीच असते. शस्त्रक्रिया केल्याचे त्यांनी घराबाहेर कोणालाही सांगितलेले नसते, आणि मनगटावरची चकती हटकून ‘हे काय?’ असा प्रश्न ओढवून घेते. त्यावर मजकूर आतल्या बाजूला, त्वचेकडे कोरून बाहेर फक्त चिन्ह ठेवण्याची तोड निघाली आहे.

पुन्हा शस्त्रक्रिया झाली, की चकती बदलावी लागते. स्लीव्हचा पुढे बायपास करून घेणारे बरेच असतात, आणि जुन्या चकतीवर ‘स्लीव्ह’ वाचून कोणी निर्धास्तपणे नळी घातली, तर कोऱ्या मनगटापेक्षा ते वाईट. जठराभोवतीचा पट्टा काढून टाकल्यावरही जुनी चकती तशीच राहिली, तर डॉक्टर पोटावर नसलेला पोर्ट चाचपत बसतात.