सही केली म्हणून हक्क गेला असं नाही

"ऑपरेशनच्या कागदावर सही केलीत ना? मग आता बोलायचं नाही." देवगडपासून दापोलीपर्यंत हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. ते चूक आहे.

मावशीला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा नर्सने इंग्रजी फॉर्म पुढे केला, पेनाने फुलीची जागा दाखवली आणि काकांनी थरथरत्या हाताने सही केली. त्या सहीचा अर्थ एवढाच, की ऑपरेशनमधले सांगितलेले धोके मान्य आहेत. हलगर्जीपणाला ती परवानगी नव्हे. तपासणीपुरती दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही, जिवावर बेतलं असेल तरच अपवाद, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलंय.

पैसे मोजून घेतलेले उपचार ही ग्राहक कायद्यातली 'सेवा' आहे, हे तर 1995 पासून ठरलेलं आहे. तक्रारीची मुदत साधारण 2 वर्षं. आणि आपल्यासाठी सगळ्यात मोलाचं: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे करता येते. ऑपरेशन मुंबईत किंवा कोल्हापुरात झालं, तरी रत्नागिरीला किंवा सिंधुदुर्गवाल्यांना ओरोसला अर्ज चालतो. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मात्र जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात, त्या सरकारी दवाखान्याविरुद्ध हा मार्ग नाही. तिथे दिवाणी न्यायालय.

रुग्ण बरा झाला नाही, एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. म्हणून आधी केसपेपर लेखी मागा, पोच घ्या. 72 तासांत प्रती द्याव्या लागतात. त्या दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा.