आयडब्ल्यूजीपी ज्युनियर हेवीवेट चॅम्पियनशिप

न्यू जपान प्रो-रेसलिंग या जपानी कंपनीचं हलक्या वजनाच्या पैलवानांसाठीचं मुख्य टायटल. आयडब्ल्यूजीपी म्हणजे इंटरनॅशनल रेसलिंग ग्रँड प्री, कंपनीच्या टायटलांना लागणारं नाव. वजनाची मर्यादा १०० किलो. इथे ज्युनियर म्हणजे वयाने लहान नाही, चाळिशी ओलांडलेले लोकही ज्युनियरच असतात. कुस्त्यांचे निकाल अर्थात आधी ठरलेले असतात, पण कोणाच्या कमरेला टायटलचा पट्टा कधी होता याचा हिशोब चाहते बँकेच्या पासबुकासारखा ठेवतात, त्यामुळे वादही होतात.

मोठा वाद सुरुवातीचा. कागदोपत्री टायटल सुरू झालं ६ फेब्रुवारी १९८६ ला, टोकियोच्या र्योगोकू कोकुगिकानमध्ये, शिरो कोशिनाकाने स्पर्धेच्या फायनलला द कोब्राला हरवलं तेव्हा. पण हे टायटल आभाळातून पडलं नव्हतं. त्याआधी न्यू जपानमध्ये अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) या कंपनीचं ज्युनियर हेवीवेट टायटल चालायचं, ते दोन कंपन्यांचं फाटल्यावर ऑक्टोबर १९८५ मध्ये बंद पडलं आणि त्याची रिकामी जागा भरायला हा नवा पट्टा आला. आता ते जुनं टायटल तरी कुठून आलं? ते साधारण १९६५ पासून पिट्सबर्गकडच्या जॉनी डी फॅझिओकडे असायचं, १९७२ च्या सुमारास तो रिटायर झाला आणि टायटलही गेलं. मग जानेवारी १९७८ मध्ये होसे एस्ट्राडा स्पर्धा जिंकून चॅम्पियन झाला असं सांगतात, आणि तीनच दिवसांनी, २३ तारखेला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तात्सुमी फुजिनामीने त्याला हरवलं. समोरच्याचे दोन्ही हात मागून मानेवर जखडायचे आणि तसंच त्याला उचलून डोक्यामागे आपटायचं, हा ड्रॅगन सुप्लेक्स नावाचा डाव फुजिनामीने तिथेच पहिल्यांदा काढला. तीन दिवसांचा चॅम्पियन बघता पट्टा जपानला न्यायची सोयच केली होती असं वाटतं. काहीजण तर अजून मागे जातात, १९६४ मध्ये हिरो मात्सुदाने डॅनी हॉजकडून एनडब्ल्यूए या अमेरिकी कुस्ती संघटनेचं ज्युनियर टायटल घेतलं तिथपर्यंत, पण ते वेगळं घराणं. परंपरा १९७८ ची आणि पट्टा १९८६ चा, असं धरलं तर गोंधळ कमी होतो.

या परंपरेला खरी गर्दी खेचून दिली पहिल्या टायगर मास्कने, म्हणजे सातोरू सायामाने. २३ एप्रिल १९८१ ला तो डायनामाइट किडसमोर पहिल्यांदा उतरला तेव्हा मुखवटा बघून लोक हसले म्हणतात, मॅच संपेपर्यंत हसणं बंद. १९८३ मध्ये त्याने अचानक कंपनी सोडली.

नव्या पट्ट्याचा पहिला परदेशी चॅम्पियन ओवेन हार्ट, १९८८ मध्ये. पुढच्या वर्षी जुशिन लायगर आला आणि पुढची दहा वर्षं बरीचशी त्याचीच. त्याच्या नावावर ११ वेळा चॅम्पियन असा रेकॉर्ड आहे, आणि मोजणीचा दुसरा घोळ इथे आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत डब्ल्यूसीडब्ल्यू या कुस्ती कंपनीच्या टीव्ही शोवर हुवेंतुद गेरेराने टकिलाची बाटली लायगरच्या डोक्यात घालून पट्टा घेतला, मग हुवेंतुद जखमी, म्हणून त्याच्या जागी आठवड्याने सिकोसिस उतरला आणि हरला, म्हणजे जो चॅम्पियन नव्हताच त्याला हरवून लायगरने पट्टा परत मिळवला. न्यू जपानने हा प्रकार बराच काळ मानला नव्हता. मानला तर ११, नाही तर १०. हल्ली सगळे ११ च लिहितात.

मधे ऑगस्ट १९९६ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची आठ टायटलं एकत्र करून जे-क्राउन काढला, यातलं एक आयडब्ल्यूजीपी. ग्रेट सासुके जिंकला, फोटोत आठ पट्टे अंगाखांद्यावर सांभाळताना माणूस कमी आणि दुकान जास्त दिसतं. ऑक्टोबरमध्ये ते अल्टिमो ड्रॅगनकडे गेले, वर्षअखेरीस आणखी दोन धरून त्याच्याकडे एकूण दहा पट्टे होते. डब्ल्यूडब्ल्यूएफने या आठांतला आपला लाइट हेवीवेट पट्टा परत मागितल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शिंजिरो ओतानीच्या हातात जे-क्राउन मोडला, त्याच्याकडे आयडब्ल्यूजीपीचा तेवढा राहिला.

एका दमात सगळ्यात जास्त दिवस, ४१९, पट्टा प्रिन्स डेविटकडे होता. ४ जानेवारी २०१४ ला टोकियो डोममध्ये कोता इबुशीने तो घेतला. २०२१ मध्ये न्यू जपानने हेवीवेटचा पट्टा दुसऱ्या पट्ट्यात मिसळून नवीन काढला, ज्युनियरचा मात्र तसाच चालू ठेवला. ऑल जपान या दुसऱ्या जपानी कंपनीचं १९८६ मध्येच सुरू झालेलं वर्ल्ड ज्युनियर हेवीवेट टायटल वेगळं, नावावरून गल्लत करू नये.