कार्बोनेशन चाचणी

आर.सी.सी. (लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) बांधकामात हवेतला कार्बन डायऑक्साइड किती खोल मुरला आहे, हे पाहण्याची चाचणी. नव्या काँक्रीटचे पीएच मूल्य 12.5 ते 13, म्हणजे तीव्र अल्कधर्मी, असते. या अल्कतेमुळे सळीवर ऑक्साइडचा पातळ थर टिकतो व ती गंजत नाही. मुरलेल्या वायूने कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे कॅल्शियम कार्बोनेट झाले की पीएच 9 च्या आसपास उतरते आणि तो थर जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो; मग स्लॅबचे पोट फुगते, पोपडे पडतात.

छिन्नीने टवका काढून धूळ झटकतात आणि ताज्या भंगावर फिनॉल्फथॅलीनचे 1 टक्का द्रावण फवारतात. शाबूत भाग गडद गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला पट्टा बिनरंगी राहतो. हा पट्टा गिलावा सोडून, काँक्रीटच्या कडेपासून मोजायचा.

ही खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. 20 वर्षांत 20 मिमी. भरली तर 30 मिमी.ला 45 वर्षे लागतात. पण जुन्या स्लॅबना असते तसे 15 मिमी. कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर) असेल, तर वायू सुमारे अकरा वर्षांतच सळीपाशी पोचलेला असतो.

गोव्यात टवका कुठला काढला, यावर बरेच ठरते. रंध्रे पाण्याने भरलेली असली की वायू आत शिरत नाही. 50 ते 70 टक्के सापेक्ष आर्द्रतेत तो सर्वांत वेगाने शिरतो. त्यामुळे पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीपेक्षा सज्ज्याची खालची बाजू, जिन्याचा स्लॅब, पार्किंगमधले खांब आधी बिघडतात. टवका मात्र बहुधा हात पोचेल तिथलाच निघतो. स्मिट हातोड्यावरही (पृष्ठभागावर आपटून काँक्रीटची मजबुती अजमावणाऱ्या उपकरणावर) विसंबू नये: कार्बोनेशनने पृष्ठभाग कठीण होतो आणि जुने काँक्रीट आहे त्याहून मजबूत भासते.

किनाऱ्यालगत गुलाबी रंगही फसवतो. खाऱ्या वाऱ्यातून येणारे क्लोराइड (मिठातला घटक) सळीवरचा थर पीएच उंच असतानाही फोडते. म्हणून काँक्रीटच्या भुकटीतले क्लोराइड तपासतात आणि अर्धघट विभवही (सळीचे विद्युत विभव) मोजतात; ताम्र-ताम्र सल्फेट विद्युतग्राच्या (संदर्भ इलेक्ट्रोडच्या) तुलनेत ते उणे 350 मिलिव्होल्टपेक्षाही खाली असेल, तर गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून अधिक धरतात. गोव्यातल्या मांडवी नदीवरचा पूल 1986 च्या जुलैत कोसळला, तेव्हा गंजाचीच चर्चा झाली होती. क्लोराइड दरवेळी वाऱ्यानेच येते असेही नाही. भरतीचे पाणी चढते त्या पात्रातली रेती न धुता वापरली असेल, तर ते ओतकामाच्या दिवशीच आत गेलेले असते.