वाकळ मागवण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. आमची वाकळ तुम्ही मोबाईलवर पाहिली असेल, नाहीतर कुणाच्या घरी अंगावर घेतली असेल. पुण्या-मुंबईकडचे ग्राहक गोधडी म्हणतात, आमच्या अंबाजोगाईच्या पट्ट्यात वाकळ. वस्तू एकच. फोनवर रोज तेच प्रश्न येतात. इतके दिवस का लागतात, एवढी महाग का, फोटोतलीच का मिळत नाही. म्हणून हा कागद छापला. प्रत्येक पार्सलमध्ये एक असतोच, पण पैसे पाठवायच्या आधी वाचलात तर तुमचाही फोन वाचेल आणि आमचाही.

घरात शिवणाऱ्या आम्ही तिघी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, थोरल्या जाऊबाई आणि मी. नणंद माहेरी आली की चौथी. दुकान नाही, कारखाना तर नाहीच. दुपारची भांडी घासून झाली की ओसरीवर सतरंजी पडते आणि वाकळ उलगडते. आत्यांच्या काळात हे विकायचं काम नव्हतं. घरात लेकराचा पाळणा हलणार असला, लेक सासरी निघाली, नाहीतर ऊसतोडीला जायचं ठरलं, की वाकळ शिवायला काढायची. आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या आगेमागे माणसं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात. त्यांच्या भांड्याकुंड्यांच्या ढिगात वाकळी बांधलेल्या दिसतातच, कारण फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत, थंडीच्या रात्री त्यांच्याच भरवशावर काढायच्या असतात. आमची विक्री सुरू झाली ती पुतण्यामुळे. त्याने आत्यांच्या एका वाकळीचा फोटो स्टेटसला ठेवला. विकायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं. रात्रीपर्यंत पाच जणांनी भाव विचारला. आत्या अजून म्हणतात, "जुनेराला कुणी पैसे देतं व्हय?"

आत काय असतं

जुनेरच असतं, म्हणजे वापरून जुनं झालेलं कापड. कापूस भरलेला नसतो. रजईत पिंजलेला कापूस भरतात, तो वापरून सरकतो, गोळे होतात. वाकळीत सुती कापडाचे तीन-चार पदर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने एकजीव केलेले असतात, त्यामुळे सरकायला आत काही नसतंच. टाका ओढला की कापडाला बारीक चुण्या पडतात. त्या चुण्यांत हवा अडकते आणि तीच ऊब देते. पहिल्या धुण्यात दोरा आकसतो आणि चुण्या वाढतात, म्हणून नवी वाकळ त्यानंतर जास्त ऊबदार लागते. 'धुतली आणि आकसली' अशी तक्रार कुणी केली की आम्हाला हसू येतं. आकसायलाच हवी.

जुनं कापड का, तर वर्षानुवर्षं धुऊन त्याची खळ निघालेली असते, आकसायचं तेवढं आकसलेलं असतं आणि सुटायचा तो रंग बहुतेक सुटलेला असतो. नव्या मांजरपाटाची वाकळ आम्ही करून पाहिली. दिसायला झकास, अंगाला मात्र पोत्यासारखी.

एक रीत सांगून ठेवते. वाकळीचं पोट उपाशी ठेवायचं नाही, म्हणून शेवटची कड मिटायच्या आधी आत भाकरीचा तुकडा ठेवायचा, असं आत्या शिकल्या. विकायच्या वाकळीत मुंग्यांची भीती, म्हणून तिथे आत्या खणाचा एक तुकडा ठेवतात. कुठेतरी मधोमध हाताला जरा जाड लागेल, तोच. उसवून बघू नका.

दर आणि दिवस

एकेरी वाकळ ६० इंच रुंद, ९० इंच लांब. टाक्यांच्या ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर. हिशेब केला तर एका वाकळीत ९०० फूट शिलाई होते. इंचाला तीन टाके धरले तरी बत्तीस हजारांच्या वर जातात, आणि सगळे हाताने. कापड निवडणं, धुणं, जोडणं, कच्चे टाके घालणं धरून पन्नासेक तास लागतात. घरचं सगळं आवरून एका बाईला दिवसाला दोन-अडीच तास मिळतात, म्हणजे वीस-पंचवीस दिवस. हे सण-वार नसताना. सोयाबीन काढणीच्या दिवसांत आणि लग्नसराईत ऑर्डर घेतो, पण तारीख देत नाही.

एकेरी २,४०० रुपये. दुहेरी, म्हणजे ९० बाय १०० इंच, ३,८०० रुपये. बाळाचं दुपटं ७५० रुपये. एकेरीच्या दरातून कापड-दोऱ्याचे चारशे वजा केले तर तासाला चाळीस रुपये उरतात. हा हिशेब आम्ही एरवी मांडत नाही. आज मांडला तो 'थोडं कमी करा ना ताई' म्हणणाऱ्यांसाठी.

हाताची की मशीनची

'हातशिलाई' लिहून मशीनची गोधडी निम्म्या दरात सर्रास विकली जाते. मशीनची घेऊ नका असं आम्ही म्हणत नाही, फक्त हाताचे पैसे देऊन घेऊ नका. ओळखायला सोपं आहे. धावदोऱ्यात टाका दिसतो, मग मोकळी जागा, मग टाका, आणि उलट्या बाजूलाही तसंच. मशीनच्या टिपेत दोन्ही बाजूंना दोरा सलग, मध्ये जागाच नाही. शिवाय हाताची ओळ जराशी डुलते. मोबाईलवर घेत असाल तर विकणाऱ्याकडे मागच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो मागा. द्यायला टाळाटाळ झाली की समजून घ्या.

आमच्यातलंच सांगते, टाक्यावरून कुणाचा हात हेही कळतं. जाऊबाईंचा टाका बारीक, माझा लांब. आत्यांची ओळ कडेपासून सुरू होऊन गोल गोल फिरत मधोमध येऊन थांबते. त्यांच्या हातचीच हवी असेल तर तसं सांगा, पण त्यांना आता डोळ्यांनी जपून काम करावं लागतं, वर्षाला चार-पाचच होतात.

तुमच्या घरच्या साड्या

निम्म्या ऑर्डरी आता अशाच येतात. आईच्या, आजीच्या साड्या पेटीत पडून असतात, देववत नाहीत आणि नेसवतही नाहीत. त्यांची वाकळ करून देतो. एकेरीला तीन, दुहेरीला पाच साड्या लागतात. नऊवारी असेल तर एखादी कमी चालते. शिलाईचे एकेरीला २,०००, दुहेरीला ३,२००.

साड्या सुतीच हव्यात. इरकली लुगडं आलं की आम्हाला आनंद होतो. कापड टिकाऊ आणि काठ असा, की वाकळीला चारी बाजूंनी लावला तर वेगळी सजावट नको. कापड कशाचं आहे ते कळत नसेल तर कडेचे दोन दोरे काढून काडी लावा. सुती दोरा कागदासारखा जळून मऊ राख होते. सिंथेटिक असेल तर वितळून कडक मणी होतो. असलं कापड आम्ही वाकळीत घालत नाही. टाक्याखाली घसरतं आणि उन्हाळ्यात घाम फोडतं. एका ताईंनी हट्ट केला म्हणून एकदा घातलं. तीन दिवसांची शिलाई उसवावी लागली.

पैठणी पाठवू नका. पैठण आमच्या मराठवाड्यातलंच, मान आहे, पण जरीचा काठ टोचतो आणि जुन्या रेशमाला सुई लागली की ते चिरत जातं. पाठवलीत तर तशीच घडी घालून परत येईल.

गडद लाल, निळ्या किंवा नव्यासारख्या साड्यांना ओला पांढरा रुमाल चोळून बघा. रंग लागला तर आम्हाला आधी कळवा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो म्हणतात, आम्ही दोनदा करून पाहिलं, झाला नाही. एका पांढऱ्या धोतराचं त्या नादात गुलाबी झालं, आणि ते ग्राहकाच्या वडिलांचं होतं. पैसे परत दिले, पण धोतर कुठून परत देणार? तेव्हापासून प्रत्येक कापड आधी वेगळं भिजवतो.

फोटो, पैसे, पार्सल

फोटोतली वाकळ विकली गेली की संपली. तशीच दुसरी होत नाही, कारण ते जुनेर संपलेलं असतं. रंगांचा मेळ जवळपास साधतो. पैसे यूपीआयने, निम्मे आधी आणि निम्मे तयार वाकळीचा फोटो पाहिल्यावर. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांनाही मोठ्या ऑनलाइन बाजारात राज्यापुरतं विकता येतं, त्यामुळे आमच्या काही वाकळी तिथेही दिसतील, महाराष्ट्रातल्या पत्त्यांसाठी. तिथे दर जास्त आहे, तो कमिशनचा.

पार्सल चपटं आणि करकचून बांधलेलं येईल, घाबरू नका. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. दुहेरी वाकळ सव्वादोन किलोची, पण सैल बांधून खोकं ४५ बाय ४० बाय २० झालं तर ती ७.२ किलोची धरली जाते. उघडल्यावर तासभर उन्हात टाका, फुगेल.

धुणं

गार पाणी, साधी पावडर, ब्लीच नको. पहिली दोन धुणी वेगळी. एकेरी मशीनमध्ये चालते, दुहेरी हातानेच धुवा. भिजली की ती सहा-सात किलोची होते, म्हणून एका दोरीवर लटकवू नका, वजनाने टाके ताणतात. दोन दोऱ्यांवर किंवा बाजेवर पसरा, उलटी बाजू वर करून. आमच्याकडे नवरात्राआधी दसरा काढतात, म्हणजे घरातलं सगळं धुऊन काढतात, तेव्हा घरातल्या सगळ्या वाकळी एकदम निघतात. तुम्हीही वर्षातून दोनदा धुतलीत तरी पुरे. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, जुन्या चादरीत बांधून कडुनिंबाचा वाळला पाला घाला.

टाका सुटला तर वर्षभरात आम्ही फुकट घालून देतो, टपालखर्च तुमचा. आणि विरली, फाटली तरी टाकून देऊ नका. जुनी वाकळ आत ठेवून वरखाली नवा पदर चढवता येतो. आत्यांच्या अंगावरच्या वाकळीत अशा दोन वाकळी आहेत. तुमचीही करून देऊ, निम्म्या दरात. पाठवताना तेवढी धुऊन पाठवा.