संसर्ग किडनीतून रक्तात उतरला का? प्रोकॅल्सिटोनिन आणि ०.२५ चा आकडा

कोविडच्या लाटांमध्ये सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन ही नावं घरोघरी तोंडपाठ झाली. त्याच रिपोर्टवर बऱ्याचदा आणखी एक ओळ असे, खिशाला जड पडणारी: प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे पीसीटी. विषाणूच्या आजारावर जिवाणूंची भर पडली आहे का, एवढ्यापुरतीच तेव्हा ती मागवली जाई. पण तिचा खरा कस लागला तो आधीच, किडनीच्या संसर्गात. हुडहुडी भरून ताप आला, कूस दुखतेय, लघवीत पू आहे, तर जंतू किडनीपुरतेच आहेत की रक्तात शिरलेत, या प्रश्नावर.

सीआरपी यातली सर्वांत जुनी. ती १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात सापडली. पुढची कित्येक दशकं डॉक्टरांच्या हाताशी ती, ईएसआर आणि पांढऱ्या पेशींची संख्या एवढंच होतं. शरीरात कुठेतरी दाह आहे हे तिन्ही सांगतात. पण सीआरपी चढायलाही सहा-बारा तास घेते आणि तिचा कळस दीड-दोन दिवसांनी येतो. तोवर रुग्णाचा रक्तदाब पडायचा तो पडून गेलेला असू शकतो.

पीसीटीची गोष्ट १९९३ च्या एका फ्रेंच शोधनिबंधापासून सुरू होते. संसर्गाचा संशय असलेली ७९ मुलं त्यात होती. जिवाणूंचा तीव्र संसर्ग असलेल्यांमध्ये पीसीटी प्रचंड वाढलेलं दिसलं आणि संसर्ग नसलेल्यांमध्ये जेमतेम. गंमत म्हणजे हे थायरॉइडमधल्या कॅल्सिटोनिन हार्मोनचं कच्चं रूप. तरी थायरॉइड काढून टाकलेल्या माणसातही सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याच्या अवस्थेत, ते वाढतं, कारण अशा वेळी यकृतापासून चरबीपर्यंत अनेक ऊती ते बनवू लागतात. दोन-चार तासांत चढायला लागतं आणि कारण दूर झालं की साधारण दिवसाला निम्मं होतं.

किडनीच्या बाबतीत या तपासणीला एक आयताच वाद मिळाला. गुंतागुंत नसलेल्या पायलोनेफ्रायटिसमध्ये, म्हणजे किडनीच्या जिवाणूसंसर्गात, ब्लड कल्चर (रक्त बाटलीत ठेवून जंतू वाढतात का ते पाहणं) घ्यायचंच कशाला? लघवीच्या कल्चरमध्ये जो जंतू येतो तोच, बहुतेक वेळा ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू, रक्तातही येतो आणि औषध क्वचितच बदलावं लागतं, असं एका बाजूचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचे दाखले वेगळे: मुतखड्याने वाट अडलेली किडनी, जिथला पू लघवीत उतरतच नाही, मधुमेही, आधीच अँटिबायोटिक सुरू असलेले. या लोकांत लघवीचं कल्चर दगा देतं.

मग २०१० साली नेदरलँड्समधला एक अभ्यास आला आणि वादाला आकडा मिळाला. तापासह मूत्रमार्गाचा संसर्ग झालेले ५८१ रुग्ण, त्यातल्या १३६ जणांच्या, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांच्या, रक्तात जंतू. पीसीटी मिलिलिटरमागे ०.२५ नॅनोग्रॅमच्या वर असेल तरच ब्लड कल्चर घ्यायचं असं ठरवलं, तर सुमारे ४० टक्के कल्चर वाचतात आणि रक्तात जंतू असलेले जवळपास सगळे सापडतात. संवेदनशीलता (रक्तात जंतू असलेल्यांपैकी किती पकडले) ९५ टक्के, पण विशिष्टता (जंतू नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले) फक्त ५०.

हा ५० नीट वाचायला हवा. शंभर रुग्ण घ्या. तेवीस जणांच्या रक्तात जंतू आहेत, त्यातले बावीस ०.२५ च्या वर येतात. उरलेल्या सत्त्याहत्तरांपैकीही निम्मे, अडतीस-एकोणचाळीस, वरच येतात. म्हणजे 'वाढलेल्या' साठांपैकी खरे बावीस. खालच्या चाळिसांत मात्र चुकून सुटलेला एखादाच. तेव्हा हा आकडा कुणाला सोडून द्यायचं ते सांगतो. कुणाला सेप्सिस आहे ते तो सांगत नाही. मूळ हेतू तोच होता.

आपल्याकडे त्याचा वापर बराचसा उलटा होतो, असं माझं मत आहे. तालुक्याच्या गावी अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन देऊन झालेलं असतं, पेशंट शहरात येतो, फाइलमध्ये पीसीटीचा रिपोर्ट असतो आणि कल्चर नसतं. आकडा वाढलेला दिसला की आणखी वरचं अँटिबायोटिक. पण तीनेक अँटिबायोटिकांना न जुमानणारा ई. कोलाय आपल्याकडे रोजचा आहे, आणि कोणतं औषध लागू पडेल हे पीसीटीला काय ठाऊक? ते सांगते सेन्सिटिव्हिटी, म्हणजे वाढवलेल्या जंतूवर कोणतं औषध चालतं याची चाचणी, आणि तिच्यासाठी कल्चरच्या बाटलीत जंतू वाढावा लागतो. बाटलीच्या तळाशी सेन्सर असतो. जंतूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वाढला की मशीन इशारा देतं. ई. कोलाय असेल तर बहुधा पहिल्याच दिवसात. मात्र रक्त पहिल्या डोसच्या आधी घेतलेलं हवं. डच शिफारस मुळात लघवीचं कल्चर हमखास होणाऱ्या आणि जंतू तुलनेने औषधाला बधणाऱ्या देशातली आहे, हे तिचा हवाला देताना सहसा कुणी बोलत नाही.

नियमावल्यांनीही धरसोड केली. ब्रिटनमध्ये २०१५ साली पुरावा अपुरा ठरला. अमेरिकेत २०१७ साली अँटिबायोटिक थांबवण्याच्या निर्णयात मदत म्हणून सेप्सिससाठी मान्यता मिळाली. सेप्सिसच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी औषध सुरू करायचं की नाही हे ठरवायला पीसीटी वापरू नका असं सुचवलं, थांबवताना मात्र चालेल म्हटलं. पुढे २०२४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत कल्चरच्या बाटल्यांचाच तुटवडा झाला आणि कुणाचं रक्त घ्यायचं नाही हा प्रश्न पुन्हा टेबलावर आला. त्याआधी केलेल्या एका वर्गवारीत पायलोनेफ्रायटिस मधल्या गटात होता: रक्तात जंतू सापडण्याची शक्यता दहा ते पन्नास टक्के. घ्या असंही नाही, सोडा असंही नाही.

किडनीच्या रुग्णांत आणखी एक पेच. क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे किडनी नीट काम न करणाऱ्या माणसात संसर्ग नसतानाही पीसीटी थोडं चढलेलंच असतं, डायलिसिसवर तर जास्तच. ०.२५ ची रेषा तिथे कामाची नाही. तिच्याजागी ०.५ घ्यायची की १, की त्याहून वरची, यावर एकमत झालेलं नाही.