विद्यार्थी निवासातील गुंतवणूक (कोल्हापूर)

केवळ विद्यार्थ्यांसाठी आखलेली इमारत बांधून किंवा विकत घेऊन तिच्या भाड्यावर उत्पन्न मिळवण्याचा व्यवसाय. घरातली वरची खोली भाड्याने देण्याहून हा प्रकार वेगळा आहे, कारण इथे हिशेब खोलीचा नसून कॉटचा असतो. ‘मुलींसाठी कॉट बेसिस, सोलरचे गरम पाणी, मेसची सोय’ अशा पाट्या राजारामपुरीच्या गल्ल्यांत आणि विद्यापीठाच्या रस्त्यावर दिसतात, त्या याच व्यवसायाच्या.

कोल्हापुरात वसतिगृह ही मुळात नफ्याची गोष्ट नव्हती. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. दसरा चौकाच्या परिसरात यातली काही आजही आहेत. गावाकडच्या पालकाच्या मनात ‘बोर्डिंग’ म्हणजे स्वस्त आणि शिस्तीचे, हे समीकरण तेव्हापासून पक्के आहे. खासगी मालकाला दर ठरवताना ते आडवे येते.

1962 मध्ये सागरमाळावर शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. 1980 च्या दशकात कसबा बावडा आणि गोकुळ शिरगाव भागांत खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. सांगली-साताऱ्याकडून येणारी मुले वाढली आणि बंगल्यांचे मजले वसतिगृहे झाले.

परताव्याचे गणित उदाहरणानेच पाहावे. समजा, 20 खोल्यांत 60 कॉट आहेत आणि कॉटचा दर महिना 4,000 रुपये आहे. वर्षात भाडे मिळते साधारण 10 महिने. मे महिन्यात लोखंडी कॉटवर गुंडाळलेल्या गाद्या तेवढ्या उरतात. सरासरी 51 कॉट भरल्या तर जमा 20,40,000 रुपये. रेक्टरचा पगार, वीज, टँकर, डागडुजी यांत 40 टक्के गेले तर हाती 12,24,000. जागेसह इमारतीला अडीच कोटी लागले असतील, तर परतावा पाच टक्क्यांनाही थोडा कमीच पडतो. वडिलोपार्जित जागा असलेल्याला हा धंदा परवडतो, बाकीच्यांचा खरा डाव जागेच्या वाढत्या किमतीवर असतो. जाहिरातीत मात्र भाडे आणि किंमतवाढ हे दोन्ही एकत्र सांगतात.

ब्रिटनमध्ये अशा इमारतींतली एकेक खोली सुट्या गुंतवणूकदारांना ‘खात्रीच्या भाड्या’सह विकली जाते. तिथला अनुभव असा की खात्रीची मुदत संपली की भाडे घसरू शकते आणि सुटी खोली पुन्हा विकायला गिऱ्हाईक सहज मिळत नाही. तसाच प्रस्ताव इथे आला, तर हमी देणारा कोण आणि किती वर्षांसाठी, हे आधी विचारावे.

जागा निवडताना पंचगंगेची पूररेषा पाहणे भाग आहे. 2019 आणि 2021 च्या पुरांत नदीलगतच्या वस्त्यांत पाणी शिरले. विद्यापीठाचा माळ उंचावर आहे. पूर येतो तोही नेमका प्रवेशाच्या हंगामात, जुलै-ऑगस्टमध्ये.

कराच्या बाबतीत, माणशी महिना 20,000 रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान 90 दिवसांच्या निवासाला जुलै 2024 पासून जीएसटी माफ आहे. इथले कॉटचे दर त्या मर्यादेच्या बरेच खाली आहेत.

कॉट भरतात त्या बऱ्याचदा मेसमुळे. बुधवारी-रविवारी रस्सा कसा असतो, हे नवा मुलगा जुन्याला विचारतो. भाड्याबद्दल वडील विचारतात. रविवारी रात्री मेस बंद असते, त्या दिवशी गॅस वापरू द्यायचा की नाही, यावर मालक आणि मुले यांचे दरवर्षी वाजते.