निवेदन व श्राव्यवर्णन

दूरचित्रवाणीवर कार्यक्रमाची ओळख करून देणे, दोन कार्यक्रमांमधला दुवा सांधणे आणि प्रक्षेपणात व्यत्यय आल्यास प्रेक्षकांना धरून ठेवणे हे निवेदकाचे काम होय. पडद्यावर घडणारे, पण संवादांतून न कळणारे प्रसंग दृष्टिहीन प्रेक्षकांना शब्दांतून सांगणे म्हणजे श्राव्यवर्णन. दोन्ही कामे आवाजाची असल्याने एकाच कारकिर्दीत ती सामावू शकतात.

सांगलीत कथा सांगणाऱ्या आवाजाची परंपरा जुनी आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये येथे सादर केलेल्या ‘सीता स्वयंवर’ नाटकात सूत्रधार पदे गाऊन कथानक पुढे नेई आणि पात्रे त्यानुसार अभिनय करीत. श्राव्यवर्णनकाराला मात्र पात्रांचे बोलणे संपण्याची वाट पाहावी लागते. १९६३ मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांवर स्वरचाचणी देऊन नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम करणाऱ्यांना ‘न’ आणि ‘ण’ यांतील फरक, श्वासावरचा ताबा आणि घड्याळाकडे लक्ष ठेवून बोलणे या गोष्टी शिकाव्याच लागतात. मराठी दूरचित्रवाणी निवेदनाला वाव मिळाला तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर.

श्राव्यवर्णनाची संहिता आधी लिहिली जाते. दोन संवादांमध्ये कित्येकदा तीन-चार सेकंदच मिळतात आणि मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येत असल्याने वाक्य लांबले, तर नेमकी कृतीच पुढच्या संवादाखाली दबते. म्हणून ‘आई पत्र चुलीत टाकते’ एवढेच म्हणावे. ‘संतापलेली आई’ म्हणू नये, कारण संताप की दुःख हे ऐकणाऱ्याने ठरवायचे असते. निवेदकाचा आर्जवी, स्वागतशील सूर इथे आवरावा लागतो आणि अनुभवी निवेदकालाही हेच सर्वांत जड जाते. पार्श्वसंगीत किंवा अर्थपूर्ण शांतता असेल तिथे जागा मोकळी असूनही गप्प राहणे, हे या कामातले खरे कसब मानावे लागेल. तयार संहिता दृष्टिहीन श्रोत्याकडून तपासून घेणे ही चांगली प्रथा आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी श्राव्यवर्णनाची तरतूद आहे. चित्रपटगृहांतील चित्रपटांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली.